तिसऱ्या टाकीचा आकडा

१

रोलंड क्लुगेचा दिवस आकड्यांनी सुरू व्हायचा आणि आकड्यांनीच संपायचा. सकाळी आणि संध्याकाळी तो तळघरात उतरायचा, थंड खोलीचं वीतभर जाड दार ओढायचा आणि भिंतीवरच्या चार बोर्डांवरचे चार आकडे मोठ्यानं वाचायचा. जिन्याच्या वरच्या पायरीवर त्याची बायको लोर्ना वही घेऊन बसलेली असे. ती विचारायची, "किती?" तो सांगायचा, ती लिहायची. एकेचाळीस वर्षांच्या संसारात भांडणाशिवाय पार पडणारी ही एकच गोष्ट होती.

थंड खोली त्यानं एका बंद पडलेल्या खाटकाच्या दुकानातून सुटी करून आणली होती आणि अमेरिकेतल्या शेबॉयगनच्या आपल्या घराच्या तळघरात पुन्हा उभी केली होती. जन्मभर रेफ्रिजरेशनची कामं केलेला माणूस तो. लोक म्हातारपणी देवाचं करतात, हा बिअरचं करत बसला. पहिल्याच दिवशी त्यानं दाराबाहेरचं कुलूप आणि कडीकोयंडा उचकटून फेकून दिला. आत कुणी अडकायला नको, बस्स. त्या बाबतीत त्याच्याइतका काळजीवाहू माणूस शोधून सापडला नसता.

आत बिअरच्या चार टाक्या, प्रत्येक टाकीत तापमानाचा एक सेन्सर, प्रत्येक सेन्सरला एक बोर्ड. बोर्ड त्यानं स्वतः सोल्डरचे डाग देऊन बनवलेले. बिअर आंबताना टाक्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू एका नळीनं पाण्याच्या बरणीतून बुडबुडत जाई आणि भिंतीपलीकडे अंगणात सुटे. बर्फ पडला की अंगणातलं नळीचं तोंड बुजे. म्हणून हिवाळ्यात रोज सकाळी नऊच्या सुमारास लोर्ना बूट चढवून फावड्यानं ते मोकळं करी. हा वायू जड असतो, कोंडला तर जमिनीलगत साचतो, हे रोलंडनंच तिला शिकवलं होतं.

या खेपेची बिअर ब्रिटाच्या लग्नाची होती. पोरीनं बापाला फोनवर निक्षून सांगितलं होतं, "हॉलवाल्यांची नको, बाबा. तुमचीच हवी." पन्नास डिग्री फॅरनहाइटवर तीन आठवडे, दोन डिग्री इकडे-तिकडे झाली की चव बिघडली. म्हणून गुरुवारी संध्याकाळी आकडे वाचताना त्याचा आवाज तिसऱ्यावर अडखळला.

"पन्नास, पन्नास, त्रेपन्न, पन्नास."

"त्रेपन्न?" वरून लोर्ना म्हणाली. "चष्मा घातलायस ना?"

"घातलाय."

"मग पूस."

२

शुक्रवारी सकाळी तिसरा बोर्ड छप्पन्न दाखवत होता. थर्मामीटरची काचेची नळी रोलंडनं टाकीत सोडली. पन्नास. म्हणजे बिअर ठीक होती, खोटं बोलत होता तो बोर्ड किंवा सेन्सर.

बिघाड शोधायची त्याची एकच रीत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बिघाड तिच्यामागून जातो का ते बघायचं. पहिला सेन्सर तिसऱ्याला लावला, तिसरा पहिल्याला. बिघाड जागचा हलला नाही, तिसऱ्यावरच राहिला. तर मग बोर्ड. खणातून कोरा बोर्ड काढून तिसऱ्याच्या जागी बसवला. तोही छप्पन्न. वायर बदलली, वीजपुरवठा बदलला. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी त्यानं बर्फाची बादली आणली. कुटलेला बर्फ, त्यात बुडेल एवढं पाणी, आणि चारही सेन्सर रबरबँडनं एकत्र बांधून त्यात बुडवले. वितळत्या बर्फाचं तापमान बत्तीस. ते ना राष्ट्राध्यक्षाचं ऐकतं ना रोलंड क्लुगेचं.

बत्तीस, बत्तीस, छप्पन्न, बत्तीस.

एकाच बादलीत, एकाच मुठीत मावतील असे चार सेन्सर, आणि त्यातल्या एकाला बर्फ लागत नव्हता. रोलंड मनगटापर्यंत हात घालून उभा राहिला. हात बधिर झाला, आकडा हलला नाही.

"मिळालं का?" जिन्यावरून लोर्नानं विचारलं.

"नाही."

"काखेत कळसा असेल, रोली. तुझं नेहमीचंच आहे. परवा कपाळावरचा चष्मा अर्धा तास शोधत होतास."

तो हसला नाही. हे त्याच्या नंतर ध्यानात आलं, कारण या टोमण्यावर तो नेहमी हसत असे.

३

दुपारी तीन चाळीसला त्यानं आकडा पुन्हा पाहिला. बासष्ट. मग त्यानं तिसऱ्या बोर्डाचा सेन्सर उपटूनच काढला.

सेन्सर नसला की हे बोर्ड उणे एकशे शहाण्णव दाखवतात. तो बिघाडाचा ठरलेला आकडा. घरी बिअर बनवणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी तो पाहिलेला असतो आणि त्यावरून दोस्तांची चेष्टा केलेली असते. रोलंडनं आयुष्यात पहिल्यांदा त्या आकड्याची वाट पाहिली. भिंतीवर लटकलेला बोडका बोर्ड त्याच्याकडे बघत होता. त्याला काही लावलेलं नव्हतं.

बासष्ट.

खोलीत बरणीचं बुडबुड चाललं होतं, कॉम्प्रेसर गुरगुरत होता. रोलंडला एकाएकी वाटलं की आपण इथे एकटे नाही. ते वाटणं त्यानं झटकलं, दार मात्र पाय अडकवून उघडं ठेवलं.

स्वयंपाकघरात येऊन त्यानं कागदावर आकडे मांडले. पन्नासपेक्षा किती जास्त? आधी तीन, मग सहा, मग बारा, आणि वर थोडे दशांश. दर दहा तासांनी दुप्पट. त्यानं आलेख काढला आणि पेन्सिल खाली ठेवली.

तापत जाणारी वस्तू अशी तापत नाही. थंड भांडं चुलीजवळ ठेवा, ते आधी भराभर तापतं, मग रेंगाळतं. निवणारी वस्तूही तशीच. गरम कॉफी पहिल्या पाच मिनिटांत निवते आणि कोमट मात्र तासभर राहते. हे मात्र आधी रेंगाळत होतं आणि आता धावत होतं. असं जगात काही वागत नाही. निदान चाळीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या तरी पाहण्यात आलं नव्हतं.

त्यानं कागद उचलून खिडकीच्या उजेडाला धरला आणि पाठीमागून पाहिला. पाठीमागून ती रेघ त्यानं हजारदा पाहिलेली होती. एखादी गरम वस्तू पन्नास डिग्रीच्या खोलीत पडून शांतपणे निवत जाते, त्याची ती रेघ होती. कुणीतरी ती शेवटापासून सुरुवातीकडे वाचत होतं.

ती सुरुवात शोधायला तो दहा-दहा तासांनी पुढे जात राहिला. रात्री एक चाळीसला चोवीस पूर्णांक तीन. शनिवारी सकाळी अकरा चाळीसला साडेअठ्ठेचाळीसच्या थोडं वर. त्यात पन्नास मिळवले आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. लहानपणी आई जिभेखाली थर्मामीटर धरायची तेव्हापासून तो आकडा त्याला पाठ होता.

४

शुक्रवार म्हणजे त्यांच्याकडे तळलेली मासळी. बाहेर वादळ घोंगावत होतं, तरी लोर्नानं परंपरा मोडली नाही. मासा, राईचा पाव, कोबीची कोशिंबीर. रोलंडनं तिला सगळं सांगितलं. ती काटा खाली ठेवून ऐकत होती.

"म्हणजे उद्या अकरा चाळीसला तिथं कुणीतरी मरणार," ती म्हणाली.

"मी असं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस? माणसाच्या अंगाची ऊब, आणि तिथून निवत जाणार. मी नर्स होते, रोली. मला कळतं ते काय असतं."

"आपण ब्रिटाकडे जाऊ या."

"गाडी काढून दाखव. रस्ता कुठाय? बर्फ काढणारे उद्या दुपारपर्यंत येत नाहीत, रेडिओवर सांगितलंय."

त्यानं मान वळवून पाहिलं. तीन बाजूंनी पांढऱ्या खिडक्या होत्या आणि चौथ्या बाजूला तळघराचा जिना.

लोर्नानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. "तुझे वडील याच वयाचे होते," ती हळूच म्हणाली. "घड्याळांशी बोलायला लागले तेव्हा."

"मी बोर्डाशी बोलत नाहीये. बोर्ड बोलतोय."

"तेही असंच म्हणायचे."

त्याला राग यायला हवा होता. आली ती भीती, आणि तीही कशाची, तर लोर्ना खरं बोलत असेल तर बरं होईल, असं त्याला वाटून गेलं याची. डोकं फिरलेलं असेल तर निदान कुणी मरणार नव्हतं.

५

शनिवारी सात वाजता तिसरा बोर्ड पंच्याऐंशी दाखवत होता. रात्रभराच्या नोंदी बोर्डाच्या आत साठलेल्या असतात. एक चाळीसची नोंद चौऱ्याहत्तर पूर्णांक तीन. हिशोब दशांशाइतकाही चुकला नव्हता.

मागे सरकताना त्याचा पाय कालच्या बादलीला लागला. ती कलंडली आणि गार पाणी फरशीभर पसरलं. रोलंडनं शिवी हासडली आणि फडकं आणायला वळला. परत आला तेव्हा दाराशी थबकला.

पाणी सगळीकडे होतं. दाराच्या आतल्या बाजूला मात्र, उंबऱ्याला लागूनच, एक तुकडा कोरडा होत चालला होता. लांबट, मधे जरा फुगलेला. बघता बघता त्याच्या कडा स्पष्ट झाल्या. त्यानं वाकून हात लावायला नेला आणि लावला नाही.

मग तो जे जन्मभर करत आला तेच त्यानं केलं. खिशातून टेप काढला आणि लांबी मोजली. पाच फूट चार इंच.

रोलंड सहा फूट एक इंच होता. पायजमा घेताना दुकानदार हसायचे. त्याच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. मी नाही. आणि मग दुसऱ्याच क्षणी घरात उरलेल्या एकमेव माणसाची उंची त्याला आठवली. लग्नाच्या फोटोत ती त्याच्या खांद्याखाली होती. पाच-चार. उंच टाचांचे जोडे घातले तर पाच-सहा.

रुंदी त्यानं मोजली नाही. उत्तर मिळालं होतं, मग कशाला मोजायची?

वर जाताना मागच्या दारापाशी तिचे बूट ठेवलेले दिसले. तळघराची फरशी गार, बुटांशिवाय ती खाली पाऊल टाकत नसे. त्यानं ते उचलले आणि कपाटात, जुन्या गालिच्याच्या गुंडाळीत खुपसले. आपल्याला इतकं साधं आधी कसं सुचलं नाही, असं त्याला वाटलं.

६

"माझे बूट कुठायत?" नऊ वाजता लोर्नानं विचारलं.

"बघितले नाहीत."

"रोलंड."

पूर्ण नाव म्हणजे प्रकरण गंभीर. तो टेबलाशी बसून राहिला. "आज तू या खुर्चीवरून उठायचं नाहीस. बारापर्यंत. मग मिळतील."

"मी काय कैदी आहे? मला बाहेरचं बघायचंय."

"बर्फ कुठं पळून जात नाही. बारापर्यंत, लोर्ना. कधी काही मागितलंय तुझ्याकडे?"

"दर दिवशी मागतोस. कालच मासा परत तळून मागितलास." पण ती बसली. पत्ते काढले. दोघं खेळत राहिली आणि दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत राहिली. खिडकीच्या काचेवर बर्फ निम्म्यापर्यंत चढला होता. घर आखडत आलंय असं रोलंडला वाटत होतं, पण तिच्या प्रत्येक पानाला तो पान टाकत होता.

सव्वाअकराला तिनं पत्ते मिटले.

"ऐक," ती म्हणाली. तिचा आवाज वॉर्डातला होता. "तुझ्या वडिलांना आम्ही सगळे हो ला हो करत गेलो. त्यानं वाढलं ते. मी ती चूक परत करणार नाही. अकरा चाळीसला मी त्या खोलीत उभी राहणार. चपला घालून जाईन. काही होणार नाही, तू डोळ्यांनी बघशील, मग आपण दोघं हसू आणि सोमवारी डॉक्टरकडे जाऊ."

"लोर्ना, नको."

"ठरलं माझं."

तिचं ठरलं की ठरलं. तिला खुर्चीला बांधलं असतं तरी ती खुर्चीसकट गेली असती. रोलंड उठला. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं, कडी नव्हती, त्यानंच ती काढली होती. म्हणजे ते दार बंद ठेवायची जागा एकच उरली होती, आतली. तो आत असेल तर ती आत येऊ शकणार नव्हती. आणि तो स्वतः पाच-चार नव्हता. गणित बिनचूक होतं. ती चपला शोधायला आतल्या खोलीत गेली तसा तो जिना उतरला.

७

पिंपं बांधायचा पट्टा त्यानं दाराच्या आतल्या दांड्यातून ओवला, भिंतीतल्या लोखंडी खांबाला टाकला आणि पट्ट्याची दांडी मागेपुढे करत ताणला. ओढणाऱ्याची ताकद जेवढी, तेवढा तो पट्टा घट्ट बसणार. अकरा वीस झाले होते. तिसरा बोर्ड सत्त्याण्णव दाखवत होता.

तो दाराला पाठ लावून खाली बसला. बाहेरून चपलांचा आवाज आला. दांडा हलला, पट्टा करकरला.

"रोली?" जाड दारातून तिचा आवाज आला. "हे काय? दार उघड."

"बारा वाजता."

ती हसली. खरंच हसली. "अरे, मी बाहेर, तू आत. आणि वेडी मी?"

त्यालाही हसू आलं. ती बाहेर होती, जिवंत होती, चिडलेली होती. त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. हरला तो आकडा. आता त्यानं शंभर गाठावेत नाहीतर दोनशे.

डोकं जड झालं होतं. कपाळाच्या शिरा ठणकत होत्या, पण रात्रभर झोप कुठे होती? श्वास घेतला तरी पुरेसा वाटत नव्हता. भीतीनं होतं असं, त्यानं स्वतःला समजावलं. मग त्याच्या लक्षात आलं की खोलीत काहीतरी कमी आहे.

कॉम्प्रेसर चालू होता. बरणी गप्प होती.

रात्रंदिवस चाललेलं ते बुडबुड थांबलं होतं. त्याऐवजी टाक्यांच्या झाकणांपाशी बारीक फुसफुस चालली होती, चारही टाक्यांतून. वायूला बाहेरची वाट मिळत नव्हती. नळीचं तोंड बर्फाखाली होतं. लोर्नानं सकाळी ते मोकळं केलं नव्हतं, कारण तिच्याजवळ बूट नव्हते.

जड वायू जमिनीलगत साचतो. तो जमिनीवर बसला होता.

८

त्यानं उठायचा प्रयत्न केला. पाय त्याचे राहिले नव्हते. हात वर नेऊन पट्ट्याची दांडी चाचपडली, बोटांनी ती धरली, पण पट्टा सोडायचा म्हणजे आधी दांडीतला खटका दाबायचा, आणि खटका कोणत्या बाजूला असतो ते बोटांना आठवेना. बाहेरून ती ओढत होती. ती ओढेल तसा पट्टा आवळत होता.

"ओढू नकोस," तो म्हणाला. ते तोंडातून बाहेर पडलं की नाही, त्याला कळलं नाही.

तो कुशीवर कलंडला. गाल उंबऱ्याला लागला आणि गुडघे आपोआप थोडे पुढे दुमडले, थंडीत प्रत्येकाचे दुमडतात तसे. फरशी कोरडी होती. आजूबाजूची ओली होती, त्याच्याखालची कोरडी, अगदी मापानं आखल्यासारखी. डोकं इथे, पाय तिथे, मधे फुगवटा, जिथे आता त्याचे गुडघे होते.

सहा फूट एक इंचाचा माणूस पाय ताठ करून मरत नाही. हे त्याच्या बायकोला विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. टेप त्याच्या खिशातून घरंगळून फरशीवर पडला होता.

"रोली!" आता ती हसत नव्हती. दारावर काहीतरी आदळत होतं, बहुतेक फावडं. "रोली, बोल माझ्याशी. झोपायचं नाही. आकडे वाच. ऐकतोयस? मी लिहून घेते. तू फक्त वाच."

त्यानं मान वळवली. भिंतीवर चार बोर्ड होते. पहिल्यावर अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. दुसऱ्यावर अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. तिसऱ्यावर. चौथ्यावर. गुरुवारपासून पहिल्यांदाच चौघांचं एकमत झालं होतं. काही बदलायचं उरलं नव्हतं. हे तिला सांगायला हवं होतं, तिला बरं वाटलं असतं.

दाराच्या फटीला तोंड लावून ती विचारत होती, "किती?"